म्हात्रे सिस्टरांचा ग्लास

म्हात्रे सिस्टर रिटायर होऊन तीन आठवडे झाले नाहीत, तोवर वॉर्डात त्यांच्याबद्दल गोड बोलणं सुरू झालंय. परवा एक नवी डॉक्टर म्हणाली, "किती प्रेमळ होत्या ना त्या!" प्रेमळ? अगं बाई, तू त्यांना ओळखलंच नाहीस. मुलांवर जीव होता त्यांचा, ते खरंच आहे. पण बाई डूख धरणाऱ्या होत्या. तेरा वर्षं त्यांनी एक डूख जपला, रोज सकाळी उठून जपला, आणि तो असा साखर पेरून कुणी झाकून टाकलेला मला चालणार नाही. म्हणून हे लिहायला बसलेय.

आमचा वॉर्ड लहान मुलांच्या ऑपरेशनचा. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. माझी भाची सीबीडी बेलापूरला एका वकिलाकडे कामाला आहे, तिने दम दिलाय, "मावशी, काय लिहायचं ते लिही, फक्त नावं लिहू नको. उगाच टेन्शन." म्हणून ज्या सर्जनबद्दल पुढे बोलणार आहे त्यांना मी मोठे सर म्हणणार. वॉर्डात सगळे तेच म्हणतात. म्हात्रे सिस्टरांचं आडनाव मात्र लिहिते. ठाणे-बेलापूर रोडला म्हात्रे पैशाला पासरी आहेत, बसा शोधत.

आता ते काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. लहान मुलाच्या आतड्याचं ऑपरेशन असलं की आधी आतडं रिकामं करून धुवायचं, अशी आमच्याकडे वर्षानुवर्षांची रीत. दोन दिवस आधीपासून जेवण बंद. फक्त शहाळ्याचं पाणी, साखरपाणी, गाळलेला रस. मग नाकातून बारीक नळी घालून औषधाचं पाणी हळूहळू सोडायचं. मग खालून कोमट सलाईनचे वॉश, एकामागून एक, बाहेर येणारं पाणी साफ दिसेपर्यंत. मूल रडतं, मुलाची आई रडते, आजी देवाचं नाव घेत बसते, आणि खोलीत वास. हे काम कुणालाच नको असतं. नव्या सिस्टर नाक मुरडतात, शिकाऊ डॉक्टरांना नेमकं तेव्हाच एक्स-रे आणायला जायचं असतं. म्हात्रे सिस्टरांनी हे काम जवळजवळ तीस वर्षं केलं आणि दुसऱ्या कुणाच्या हातात मनापासून कधी दिलं नाही.

दिसायला बुटक्या, रुंद, केसांना तेल चोपडून घट्ट अंबाडा. तळवलीच्या. वडील मिठागरावर राबलेले. बोलायच्या ते गावाकडचंच, हॉस्पिटलात इतकी वर्षं काढूनही पानी ते पानीच आणि हाय ते हायच. एकदा कुठल्याशा मॅडमनी त्यांना शुद्ध बोला म्हणून सुचवलं, तर म्हणाल्या, "मॅडम, शुद्ध पानी काढते मी. बोलनं तेवढं ऱ्हाऊ द्या."

त्यांची पहिली गोष्ट म्हणजे वजन. मूल कालच वजन करून आलेलं असलं तरी आज पुन्हा काट्यावर. किती पाणी द्यायचं ते वजनावर ठरतं ना. आई म्हणायची, सिस्टर, काल बारा किलो होती. तर सिस्टर म्हणायच्या, "काल व्हती. आजची मना दाखव." सलाईनची बाटली गरम पाण्यात ठेवून आधी मनगटाला लावायची, मग गालाला. आणि मुलाला आधीच सांगून ठेवायचं, "तू थांब म्हनशील तवा मी थांबनार." आणि त्या खरंच थांबायच्या. नळी हातात तशीच धरून, पोर पुन्हा हो म्हणेपर्यंत. डॉक्टर दारातून घाई करायला लागला तर त्याच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत.

दुसरी गोष्ट ग्लास. घरून आणलेला साधा काचेचा ग्लास होता, कडेला लाल नेलपॉलिशची रेघ मारलेली, म्हणजे चुकून कुणी त्यातून चहा प्यायला नको. शेवटच्या वॉशचं पाणी त्यात घ्यायचं, ग्लासामागे पेपर धरायचा आणि बारीक अक्षर वाचून बघायचं. अक्षर वाचता आलं तर आतडं साफ. नाही वाचता आलं तर पुन्हा वॉश. पुस्तकात हे कुठे नाही, मी शोधलंय. पण त्यांचा ग्लास साफ म्हणाला आणि आत घाण निघाली, असं मी एकदाही पाहिलं नाही.

आणि चुकलेल्याला त्या सोडायच्या नाहीत. एकदा एका शिकाऊ डॉक्टरने सलाईन संपलं म्हणून तान्ह्या बाळासाठी नळाचं पाणी भरलं. सिस्टरांनी त्याचा हात वरच्या वर धरला. "नुसतं पानी? लेकराच्या रक्तातलं मीठ उतरंल ना रं! फिट येईल त्याला!" मुलगा गोरामोरा झाला. चूक कळली, सॉरी म्हणाला. दुसऱ्या कुणी तिथेच सोडलं असतं. सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी घरून खड्याच्या मिठाची पुडी आणली आणि त्याच्या ॲप्रनच्या खिशात स्वतःच्या हाताने ठेवली. "माझा बा मिठात पाय सडवून गेला. ही पुडी खिशात पायजे, रोज बघनार मी." सहा महिने रोज बघितली. तो राउंडला आला की सगळ्यांसमोर खिसा उलटा करायला लावायच्या.

एपीएमसी मार्केटात फळांच्या गाळ्यावर काम करणारा एक माणूस होता, त्याची सहा वर्षांची मुलगी आमच्याकडे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोर भुकेने व्याकूळ झाली आणि बापाचं काळीज हललं. त्याने गुपचूप डाळिंबाचे दाणे खायला घातले. त्याच्या हिशेबी त्याने जेवण दिलंच नव्हतं, फळ तर होतं, आणि डाळिंबाने रक्त वाढतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. संध्याकाळच्या वॉशमध्ये बिया आल्या. सिस्टरांनी तीन बिया गॉजच्या तुकड्यावर ठेवल्या, जिन्यात बसलेल्या बापापुढे गॉज धरला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "दादा, तुमच्या गाळ्यावरचा माल का?"

ऑपरेशन दोन दिवस पुढे गेलं. त्या दोन दिवसांत प्रत्येक वॉशला टब त्या बापाने धरायचा अशी शिक्षा झाली. पहिल्या वेळी तो बाहेर जाऊन ओकला. चौथ्या वेळी पोरीला गोष्ट सांगत टब धरून बसला होता. मुलगी बरी होऊन घरी गेली तेव्हा तो डाळिंबांची पेटी घेऊन आला आणि सिस्टरांच्या पाया पडायला लागला. त्या म्हणाल्या, "उठा. मी अजून ईसरले नाय."

अशा बाईशी मोठ्या सरांनी वाकडं घेतलं. आणि मी त्यात होते.

तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी परभणीहून नुकतीच इथे सिस्टर म्हणून आलेले, घणसोलीत चार मुलींमध्ये एक खोली, नोकरी अजून कायम व्हायची होती. वॉर्डात आफरीन नावाची चार वर्षांची मुलगी होती. तिच्या आतड्याचा शेवटचा भाग जन्मापासून काम करत नव्हता, म्हणून तान्हेपणीच पोटावर शौचाची वाट काढून पिशवी लावली होती. आता ती वाट बंद करून आतडं आत जोडायचं होतं. तिची आई रुकसाना, उरणकडची, मुलीसाठी नवी चड्डी घेऊन आली होती, जांभळ्या फुलांची. चार वर्षं पिशवी पुसली, आता पोरगी सगळ्यांसारखी संडासला बसणार, हे ती वॉर्डात येईल त्याला सांगायची.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पाणी साफ नव्हतं. मी समोर होते. सिस्टरांनी ग्लासामागे पेपर धरला, अक्षर दिसत नव्हतं, पिवळट पाणी आणि त्यात कण. त्यांनी मोठ्या सरांना फोन लावला. "सर, आज नको. अजून एक दिवस द्या मना." त्या दिवशी बाहेरगावचे पाहुणे डॉक्टर सरांचं ऑपरेशन बघायला आले होते. सर म्हणाले, घ्या पेशंट वर. सिस्टरांनी फाइलमध्ये नोंद केली, पाणी साफ नाही, सरांना सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कळवलं. खाली सही. मग आफरीनला स्वतः उचलून वर नेऊन दिलं.

पाचव्या दिवशी जोड सुटला. पोटात घाण पसरली, मुलीला ताप, आयसीयू, पुन्हा पोट उघडलं, पुन्हा पिशवी. जीव वाचला एवढंच. चौकशी लागली. सरांनी लिहून दिलं की पूर्वतयारी नीट न झाल्यामुळे जोड सुटला, आणि इथून पुढे ऑपरेशनआधी जबाबदार व्यक्तीने तयारीची खात्री करून घ्यावी. सिस्टरांनी सांगितलं की माझी नोंद बघा. फाइल उघडली. नोंद नव्हती.

कारण ते पान मी पुन्हा लिहिलं होतं. सरांनी केबिनमध्ये बोलावून कोरं पान समोर ठेवलं. "हे पान खराब झालंय, नीट उतरवून काढ. ती एक ओळ नको." एवढंच. धमकी नाही, आरडाओरडा नाही. माझी नोकरी कायम व्हायचा कागद त्यांच्याच टेबलावर पडून होता. मी बाकी सगळं उतरवलं, ती ओळ सोडली आणि खाली सिस्टरांची सही काढली. चौकशीत मला विचारलं, तुम्ही काही पाहिलं का? मी म्हटलं, नाही. लाज वाटते म्हणायला फार सोपं आहे, म्हणून म्हणत नाही. मी नोकरी वाचवली आणि दुसऱ्याच महिन्यात कायम झाले.

सिस्टरांना मेमो मिळाला, बढती गेली, दीड वर्ष त्यांना खाली ओपीडीत पट्ट्या बांधायला बसवलं. त्याचं त्यांना फार वाटलं नसावं. वाटलं ते वेगळंच. रुकसाना दर पंधरा दिवसांनी आफरीनला दाखवायला त्याच ओपीडीत यायची. तिला सांगितलं गेलं होतं की सिस्टरने काम नीट केलं नाही. ती सिस्टरांचं टेबल टाळून लांबच्या बाकावर बसायची. एकदा आफरीन ओळखून "म्हात्ले सिस्टल" करत धावत आली, तर रुकसानाने तिला दंडाला धरून मागे ओढलं. सिस्टर उघडलेल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. मी फाइल द्यायला खाली गेले होते, मी ते बघितलं. त्या सांगायला गेल्या असत्या तर रुकसानाला ते खरं वाटलं नसतं, आणि ते त्यांना माहीत होतं.

दीड वर्षाने त्या वॉर्डात परत आल्या आणि पहिल्याच ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी मोठ्या सरांना तळमजल्यावरून वर बोलावलं.

"सर, ग्लास बघायला या."

"सिस्टर, ते तुमचं काम आहे."

"तुमीच लिवलंय ना चौकशीत? जबाबदार मानसानं खात्री करायची. मी तर बेजबाबदार ठरले, मेमो हाय माझ्याकडं. मग जबाबदार कोन? तुमी." आणि त्यांनी सरांच्याच अहवालाची झेरॉक्स पुढे केली.

सर आले. यावंच लागलं, सही त्यांचीच होती. त्या दिवसापासून अकरा वर्षं, आतड्याचं ऑपरेशन असेल त्या प्रत्येक सकाळी मोठे सर, ज्यांच्यापुढे सगळा मजला उभा राहायचा ते, आमच्या वॉशच्या खोलीत यायचे, घाण पाण्याच्या ग्लासापुढे वाकायचे आणि त्यातून पेपर वाचून दाखवायचे. मोठ्याने. सिस्टर म्हणायच्या, "मनात नको सर, मना ऐकू आलं पायजे." कुठलं पान लावायचं ते सिस्टर ठरवायच्या. कधी भविष्य, कधी लग्नाच्या जाहिराती. कुठे हॉस्पिटलच्या हलगर्जीपणाची बातमी आली की ती नेमकी जपून ठेवायच्या आणि तीच लावायच्या. एकदा सर चष्मा विसरले आणि चाचपडायला लागले, मागे आठ-दहा विद्यार्थी. सिस्टर म्हणाल्या, "जा, चष्मा घेऊन या. पोट उघडायचंय आज, पाकीट नाय." विद्यार्थी भिंतीकडे तोंड करून हसले. सर लालबुंद झाले, पण जाऊन चष्मा घेऊन आले.

मला तेव्हा या सगळ्यात गंमत वाटली असती, पण ग्लास माझ्या हातात असायचा. "तू धर गं पोरी. तुझा हात हालत नाय." पलीकडे सरांचं तोंड, अलीकडे माझं, मध्ये ते पाणी, आणि सिस्टर बाजूला पेपर धरून उभ्या. अकरा वर्षं. त्यांना ठाऊक आहे की नाही, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. एक दिवस मी रजिस्टर भरत होते, त्या मागे येऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "अक्षर चांगलं हाय तुझं. कोनाचंबी काढतेस." मग डबा उघडून मला सुकटीची चटणी वाढली आणि जेवायला बसल्या.

या वर्षी, त्यांच्या रिटायरमेंटला महिना राहिला असताना, मोठ्या सरांनी वॉर्डाची मीटिंग घेतली. म्हणाले, आता जग बदललंय. बऱ्याच ठिकाणी लहान मुलांना सरसकट वॉश देणं कमी केलंय. मूल थकतं, अंगातलं पाणी जातं, आणि उपयोग वाटतो तेवढा नाही. काही आजारांत लागतील तिथे देऊ, बाकी बंद. कुणी तरी विचारलं, मग जोड सुटायचा धोका? सर म्हणाले, "जोड वॉशवर अवलंबून नसतो. रक्तपुरवठा, टाक्यांवरचा ताण, सर्जनचा हात. वॉशला उगाच महत्त्व दिलं आपण." बोलता बोलता सिस्टरांकडे बघून किंचित हसले. ग्लासाला एकदाची मूठमाती दिली, असं वाटलं असणार त्यांना.

सगळे सिस्टरांकडे बघायला लागले. तीस वर्षांचं काम एका वाक्यात संपलं होतं. त्या म्हणाल्या, "चांगलं हाय सर. लेकरांचा तरास वाचंल." आणि मनापासून म्हणाल्या, ते मला कळलं. मग उठून उभ्या राहिल्या.

"फक्त एक सांगा. वॉशला महत्त्व हाय, तर मी त्या दिवशी तुमाला नको म्हनलेलं. महत्त्व नाय, तर माझा गुन्हा काय? दोघांतलं एक काय ते सांगा सर. मना कुठलंबी चालंल."

सर म्हणाले, "सिस्टर, ते जुनं झालं आता."

"आफरीन सतराची झाली. जुनी कुठं झाली? तिच्या आयेला सांगा. मी नाय, तुमी सांगायचं."

सरांनी मीटिंग संपवली. पण वीस माणसांनी ऐकलं होतं, आणि मीटिंगचं टिपण माझ्याकडे होतं. सिस्टरांनी वर अधीक्षकांकडे एकपानी अर्ज दिला. त्यात सरांची दोनच वाक्यं, एक तेव्हाच्या चौकशीतलं, एक या मीटिंगमधलं, आणि खाली प्रश्न, यातलं खरं कुठलं? वरून निरोप आला की बाई रिटायर होण्याआधी हे मिटवा. सरांनी रुकसानाला बोलावून घेतलं.

ओपीडीच्या मागच्या खोलीत आम्ही चौघंच. सर खुर्चीत, रुकसाना समोर, सिस्टर भिंतीशी आणि जुनी फाइल घेऊन मी. रुकसानाचे केस पांढरे झाले होते. तिने खुर्ची ओढून सिस्टरांपासून लांब घेतली. आफरीन बरी आहे म्हणाली, दुसऱ्यांदा जोडलेलं आतडं टिकलं, पण दोन वर्षं पिशवी घेऊन शाळेत गेली, मुलं वास येतो म्हणायची, म्हणून अजून कुणाच्या शेजारी बसत नाही. सरांनी मान हलवली आणि मधाळ आवाजात सुरुवात केली. त्या वेळी काही गैरसमज झाले, खरं तर कुणाचीच चूक नव्हती, अशा केसमध्ये असं होऊ शकतं.

"असं नाय सर," सिस्टर म्हणाल्या. "मी तुमाला नको म्हनलेलं का नाय?"

"सिस्टर, कागदावर तसं काहीही नाही." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. शांत बघितलं. मी त्यांचीच आहे याची त्यांना खात्री होती.

मला काय झालं ते सांगता येत नाही. धाडस वगैरे नव्हतं ते, उलटीसारखं आलं. मी म्हटलं, "कागदावर होतं. सकाळी सात दहाची नोंद होती, पाणी साफ नाही, सरांना कळवलं. सरांनी मला पान बदलायला सांगितलं आणि मी बदललं. खालची सही मी काढलेली आहे. सिस्टरची नाही."

सर म्हणाले, "काय बोलताय तुम्ही, कळतंय का?" मी म्हटलं, कळतंय. आता माझी चौकशी लागलीय, सर लांब रजेवर गेलेत, भाची रोज फोन करून बोंबलते. ते होईल तसं होईल.

रुकसानाने खुर्ची फिरवली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सिस्टरांकडे तोंड करून बसली. "सिस्टर, तेरा वर्षं मी नमाज पडून दुवा मागते. आधी पोरीसाठी. मग तुमाला बद्दुवा. एक दिवस चुकले नाय. तुमचं काय चांगलं होऊ नये म्हनून अल्लापुढं रडले मी. आता मी काय करू?" आणि तोंडात पदर कोंबून हुंदके द्यायला लागली.

सिस्टर भिंतीपासून निघाल्या. मला वाटलं जवळ घेतील, डोक्यावरून हात फिरवतील, झालं गेलं विसर म्हणतील. दुसरी कुणी असती तर तेच म्हणाली असती. सिस्टर तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "रडू नको. एवढ्या वर्षांची बद्दुवा वाया कशाला घालवतेस? फक्त पत्ता बदल."

रुकसानाने डोळे पुसले आणि मोठ्या सरांकडे बघितलं. सर टेबलावरचं पेन हलवत होते. त्या नजरेने मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. अकरा वर्षं त्यांना ग्लासातून बघितलं होतं, आज मी सरळ बघत होते. आणि तेवढ्यात सिस्टरांनी हात वर केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"आन् एक नाय, दोन पत्ते हायत. हिचा पन घे." मग मला म्हणाल्या, "सांग तिला तुझं नाव. पूर्न सांग."

मी सांगितलं. माझं, नवऱ्याचं, आडनाव. गाव विचारलं नव्हतं, तेही सांगितलं.

दोघी एकदमच खोलीतून निघाल्या. सिस्टरांनी रुकसानाच्या खांद्यावर हात टाकला होता आणि तिची पिशवी आपल्याकडे घेतली होती. त्यानंतर चार दिवसांनी त्या रिटायर झाल्या, निरोप समारंभाला आल्या नाहीत, त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच, रॅम्पवरून खाली उतरताना. रुकसाना हळू आवाजात माझं नाव पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती, लक्षात राहावं म्हणून. आडनावात ती चुकत होती. सिस्टर थांबल्या आणि त्यांनी तिला ते नीट सांगितलं.